घरटी एक माणूस

निळ्या प्लास्टिकच्या तीन पिंपांत मिळून पुढील वस्तू होत्या: डबाबंद गोमांसाचे डबे अट्ठेचाळीस, साखर वीस किलो, मैदा वीस किलो, धुण्याच्या पावडरची मोठी खोकी चार, टूथपेस्टच्या नळ्या तीस, टॉवेल चौदा, वापरलेल्या पण धुतलेल्या चादरी सव्वीस, शाळेचे बूट सात जोड (त्यातल्या एका जोडात दोन्ही बूट डाव्या पायाचे), एक मिक्सर, आणि पाउलिआसींनी फोनवर दोनदा बजावून सांगितलेला सोनेरी काठांचा चहाचा संच. कप बारा, बशा अकरा. बारावीचे तुकडे होते.

पिंपं जहाजाने आली. तोआकासे त्याआधी चार दिवस विमानाने आली होती. पिंपं घरी पोचल्यावर पाउलिआसींनी चष्मा लावला, यादी हातात घेतली आणि एकेका वस्तूपुढे खूण करत गेले. मुलगी अकरा वर्षांनी घरी आली तेव्हा त्यांनी चष्मा लावला नव्हता. अर्थात विमानतळावर ते रडत होते, आणि रडताना चष्म्याची अडचणच होते.

"बशी एक कमी," ते म्हणाले.

"फुटली, बाबा."

"ऑकलंडमध्ये की वाटेत?"

"वाटेत."

"म्हणजे तिथून बारा निघाल्या होत्या," असं म्हणून त्यांनी समाधानाने बारा लिहिलं.

तोआकासेच्या भावाने, लिसिआतेने, तिन्ही पिंपं ट्रकमधून एकट्याने खाली घेतली. प्रत्येक पिंपाचं वजन एकाहत्तर किलो, तसं पावतीवरच लिहिलं होतं. शेवटचं पिंप ओट्यावर टेकवलं न टेकवलं, तोच बहीण दारात आली, आणि लिसिआते मान खाली घालून परसात निघून गेला. त्यात रुसवाफुगवा काही नव्हता. टोंगात वयात आलेला भाऊ बहिणीच्या खोलीत थांबत नाही, तिच्यादेखत हसत नाही, तिच्याशी तोंडाला तोंड देत नाही. बहीण मानाने वरची. तो आदर आहे. या आदराची गंमत अशी की गेली अकरा वर्षं तोआकासे जेव्हा जेव्हा फोनवर विचारायची, "मागच्या महिन्याच्या पैशांचं काय झालं?" तेव्हा तेव्हा लिसिआते आदराने खोलीबाहेर जायचा.

तोआकासे एकोणचाळीस वर्षांची होती. ऑकलंडला जाण्याआधी पाच वर्षं ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. तिथे गेल्यावर सकाळी वृद्धाश्रमात आणि दुपारी भाजीच्या कारखान्यात लेट्यूसची पाकिटं भरायला, अशी दोन कामं तिने धरली. सकाळी ती दुसऱ्यांच्या आईवडिलांना गरम पाण्याने आंघोळ घालायची, आणि त्या पगारातून एका वर्षी तिने स्वतःच्या आईवडिलांना पाणी तापवायचा गीझर पाठवला. गीझर अजून खोक्यातच होता. इथल्या हवेत गरम पाणी कोणाला लागतं, असं आईचं, हेपिसिपाचं, म्हणणं होतं. खोकं मात्र बैठकीत होतं, आल्यागेल्याला दिसेल असं.

घर दुमजली होतं. त्या रस्त्यावर दुमजली घर हे एकच. वरच्या मजल्यावर 'तोआकासेची खोली' होती, आणि पाहुण्यांना ती नाव घेऊन दाखवत. त्या खोलीत एक मोठा फ्रीझर, दोन उभे केलेले गाद्यांचे गठ्ठे, लिसिआतेचे गाण्याचे स्पीकर आणि आईचा लाकडी पेटारा एवढ्या गोष्टी राहत होत्या. तोआकासे राहायला मावत नव्हती. ती खाली बैठकीत, गीझरशेजारी झोपायची.

आल्यावर पाचव्या दिवशी ती शाळेत गेली. मुख्याध्यापिका लुते तिची जुनी सहकारी. विज्ञानाचा शिक्षक तीन वर्षं नव्हता, कारण तो ऑस्ट्रेलियात आंबे तोडायला गेला होता. लुतेने अर्ज पुढे सरकवला. पगार महिना बाराशे चाळीस पांगा, शाळा फेब्रुवारीत सुरू. तोआकासेने तिथेच सही केली आणि घरी येऊन आईसमोर बसली.

आता आईविषयी एक गोष्ट सांगायला हवी. दर रविवारी प्रार्थनेनंतर व्हिडिओ कॉल असायचा आणि त्यात आई रडायची. "कधी येशील गं माझ्या बाळा? घर खायला उठतं." तोआकासेला सगळं मोजायची सवय होती, त्यामुळे हे रडणंही तिने मोजलं होतं. सरासरी चार मिनिटं. ज्या आठवड्यात पैसे उशिरा पोचत, त्या आठवड्यात सहा.

"आई, मी परत जाणार नाही."

आई चटई विणत होती. तिचे हात थांबले.

"सुट्टी वाढवून मिळाली?"

"सुट्टी नाही. कायमची आलेय. शाळेत जागा मिळाली."

"तब्येत बरी नाही का तुझी?"

"बरी आहे."

"कामावरून काढलं?"

"नाही गं."

"मग कोणाशी भांडलीस?"

"कोणाशीच नाही. मला घरी राहायचंय."

"घरी," आई म्हणाली, जणू ते कुठल्यातरी परक्या गावाचं नाव असावं. मग ती जरा सावरली. "अगं, घर तर तुझंच आहे. तू कुठेही असलीस तरी."

तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

पाउलिआसींनी मात्र विषय शांतपणे हाताळला. ते गावातले विचारी गृहस्थ समजले जात. दरवर्षी चर्चमध्ये वर्गणीच्या दिवशी प्रत्येक घराचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचली जायची, त्यात गेली सहा वर्षं त्यांचं घर पहिल्या तिनात होतं. त्यामुळे विचार करायला त्यांना सवड आणि खुर्ची दोन्ही मिळाली होती.

"पगार किती?" त्यांनी विचारलं.

"बाराशे चाळीस."

"पांगा?"

"पांगा."

"इथले पांगा," ते म्हणाले. "इथला पैसा म्हणजे काय गं? याच्या खिशातून त्याच्या खिशात. बाहेरचा पैसा कसा, विमानातून येतो. परवाच रेडिओवर सांगत होते. बाहेर गेलेली आपली माणसं जेवढं पाठवतात, ते देशाच्या उत्पन्नाच्या शंभरातले चाळीसहून जास्त. जगात वरच्या नंबरात आपण! रग्बीत जमलं नाही, यात जमलं. आता मला सांग, देशात चाळीस, तर आपल्या घरात किती?"

तोआकासेने हे गणित कधीच करून ठेवलं होतं. गेल्या वर्षी तिने पाठवले तेवीस हजार चारशे साठ. आईच्या चटयांचे आले नऊशे, अंडी आणि सुरण मिळून सहाशे चाळीस. बेरीज बरोबर पंचवीस हजार.

"त्र्याण्णव पूर्णांक चौऱ्याऐंशी टक्के."

पाउलिआसींचा चेहरा पोराचा निकाल ऐकल्यासारखा उजळला. "बघ! आणि तू हे खाली आणणार?"

"बाबा, माझा वाटा एवढा दिसतो कारण घरात दुसरं कोणी काही कमवत नाही. हे कौतुक नव्हे. उद्या आईने चटया विणणं सोडलं आणि कोंबड्या मेल्या, तर शंभर टक्के होतील."

"शंभर?" पाउलिआसी म्हणाले, आणि विचारात पडले. त्यांनी एकदा चटईकडे पाहिलं, एकदा खिडकीतून कोंबड्यांकडे.

"बाबा!"

"नाही नाही, मी आपला हिशेब बघत होतो." ते खुर्चीत सरळ बसले. "हे बघ पोरी. गावात एकतीस घरं आहेत. तीस घरांतून कोणी ना कोणी बाहेर आहे. एकतिसाव्या घराच्या छपराकडे बघ, म्हणजे कळेल. घरटी एक माणूस बाहेर हवाच. हा माझा नियम नाही, हे असंच चालतं. एकाने पाठवायचं, बाकीच्यांनी..." इथे त्यांना योग्य शब्द सापडेना.

"घ्यायचं."

"आठवण काढायची," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी तिचा पासपोर्ट आणि एकोणीस जानेवारीचं परतीचं तिकीट बैठकीतल्या काचेच्या कपाटात, सोनेरी कपांच्या मागे ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली लिसिआतेकडे दिली. पोरगी पळून जाऊ नये म्हणून पासपोर्ट दडवणारे बाप तोआकासेने ऑकलंडमध्ये पाहिले होते. पोरगी राहू नये म्हणून दडवणारा हा पहिलाच. "हरवायला नको," ते म्हणाले. "ऐन वेळी धावपळ नको."

बातमी दोन दिवसांत गावभर झाली. दुकानदारीण अकेसा पावाची लादी देताना हळूच म्हणाली, "खरं सांग, कोणी पुरुष आहे का? का पोलिसांचं काही?" घरी यायला घर हेच कारण पुरेसं असतं, हे तिला पटेना. शेवटी तिने स्वतःच ठरवलं की तोआकासेच्या गुडघ्यांचं काहीतरी असणार, आणि एक मलम फुकट दिलं. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेत दूरदेशी कष्टणाऱ्या लेकींसाठी देवाचे आभार मानले आणि तोआकासेच्या एकोणीस तारखेच्या सुखरूप परतीसाठी खास विनंती केली. सगळ्या चर्चने 'आमेन' म्हटलं. तोआकासेच्या तोंडूनही सवयीने निघून गेलं.

लिसिआतेचं म्हणणं त्याच्या बायकोमार्फत, लाविनियामार्फत, यायचं. बहीण घरात असेपर्यंत तो परसातल्या स्वयंपाकाच्या खोपटात राहायला गेला होता, आदराने, आणि टीव्ही बरोबर नेला होता.

"वन्सं," लाविनिया दारात उभी राहून म्हणाली, "हे म्हणतायत, तुमच्याशिवाय घर अगदी सुनं वाटतं."

"मी इथेच आहे की."

"हो. म्हणजे तुम्ही तिकडे असता तेव्हा."

"म्हणूनच राहते म्हणावं."

लाविनिया परसात गेली आणि चार मिनिटांनी परत आली. "हे म्हणतायत, तसं थोडं सुनं वाटलेलंही चांगलं असतं म्हणे."

"आणि तो स्वतः काय करतो म्हणावं दिवसभर?"

लाविनिया पुन्हा गेली. या वेळी दोनच मिनिटं लागली. "घर सांभाळतो म्हणाले." तिने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दर वर्षी सात महिने न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला न्यायची यादी लागते ना, त्यात ओळीने चार वर्षं यांचं नाव येत होतं. चारही वर्षं पाठ दुखली. यादी गेली की थांबते."

पाउलिआसींना काळजी वाटू लागली ती नातवाच्या वाढदिवसाची नव्हे, तर मुलीच्या मनाची. लिसिआतेचा धाकटा, किटिओने, चार जानेवारीला एक वर्षाचा होणार होता. पहिला वाढदिवस मोठा असतो आणि त्यात सगळ्यात मोठा मान मुलाच्या आत्याचा. ती सर्वांच्या वर, वेगळ्या आसनावर बसते. सगळ्यात उत्तम चटया तिच्या, साल कुटून केलेलं रंगवलेलं कापड तिचं, सगळ्यात मोठं डुक्कर तिचं, केकचा वरचा थर तिचा. आणि तिने भरल्या मांडवात भावाच्या घराकडे काही मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. पाउलिआसींनी ठरवलं की हा मान एकदा मुलीला डोळे दिपतील असा दाखवायचा. एवढं राजासारखं बसल्यावर खडू घासायला कोण जाईल? समारंभाचा खर्च सहा हजार आठशे पांगा होता. तो तोआकासेने ऑक्टोबरातच पाठवला होता.

"आजवर तू नव्हतीस तरी तुझं आसन कधी रिकामं ठेवलं नाही हो," आई अभिमानाने म्हणाली. "तुझा फोटो ठेवायचो. ह्या एवढ्या मोठ्या चौकटीत. हार घालून."

"आणि चटया?"

"फोटोपुढे ठेवायचो की. सगळ्यांच्या देखत."

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी तोआकासे फ्रीझरमधलं मांस काढायला 'तोआकासेच्या खोलीत' गेली. पेटाऱ्याचं झाकण अर्धवट उघडं होतं. तिने ते पूर्ण उघडलं. आत बारीक विणीच्या चटया होत्या, घडी करून, कापराच्या वड्या घालून. तिने मोजल्या. तेवीस. रंगवलेल्या कापडाचे गुंडाळे चार. तिच्या गैरहजेरीत तीन वाढदिवस, एक लग्न आणि दोन मयत झाले होते, आणि सहाही प्रसंगांत फोटोला मिळालेला मान दुसऱ्या दिवशी इथे परत आला होता. काही चटयांच्या कोपऱ्यात तीन वेगवेगळ्या समारंभांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. त्याच चटया फोटोला पुनःपुन्हा मिळाल्या होत्या. फोटोने एकदाही कुरकूर केली नव्हती.

ती पेटाऱ्याशेजारी जमिनीवर बसली. राग आला नाही असं नाही, पण त्याहून जास्त तिला तिची जुनी ओळखीची खाज सुटली: एखादं यंत्र कसं चालतं ते कळू लागल्यावर सुटते ती. अकरा वर्षं घराने तिला सगळ्यात उंच आसनावर बसवलं होतं. काहीही मागण्याचा हक्क दिला होता. आणि त्या आसनावर, काळजी घेऊन, काही मागू न शकणारी गोष्ट ठेवली होती. आता मुलीचं मन वळवायच्या घाईत बाबांनी फोटो हटवून तिथे खरीखुरी तोआकासे बसवायचं ठरवलं होतं. अशी चूक जगात दुसरीकडे कोणी केली नसती, कारण दुसरीकडे कोणाच्या आत्याला एवढा अधिकारच नसतो.

तिने पेटारा बंद केला आणि मांस घेऊन खाली गेली.

मांडवात दोनशे चौदा माणसं होती. डुकरं अकरा, एक मोठं आणि दहा पिल्लं. सगळे रिवाजाप्रमाणे कमरेला चटया गुंडाळून आलेले, घामाने भिजलेले. किटिओने पांढऱ्या झबल्यात लाविनियाच्या मांडीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत रडत. तोआकासे उंच आसनावर बसली होती. शेजारी उआइसेले काका. समारंभात घराच्या वतीने बोलायचं काम त्यांचं. मानकऱ्याने जे काही सांगायचं ते त्यांच्या कानात सांगायचं आणि त्यांनी ते मांडवाला ऐकवायचं. काकांचा आवाज दोन गावं ऐकायची.

आधी कापड आलं, पंधरा मीटर, सहा बायकांनी धरलेलं. मग चटया. कोपऱ्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या, टाचणीची भोकं राहिली होती. मग लिसिआतेने मोठं डुक्कर आणलं. चौऱ्याऐंशी किलोचं, भाजलेलं, पाटावर मांडलेलं. त्याच्याबरोबर पाट धरायला चौघे होते, पण लिसिआतेला मांडवात चारचौघांत आपली ताकद दाखवायची होती. त्याने चौघांना बाजूला केलं, पाट एकट्याने उचलला, बहिणीकडे न बघता तिच्यापुढे ठेवला आणि मान खाली घालून मांडवाच्या टोकाला, भट्टीमागे, जाऊन उभा राहिला. टाळ्या पडल्या.

"मानकरी आत्याबाईंनी स्वीकार करावा!" काका गरजले.

तोआकासे काकांच्या कानाशी वाकली.

"काय?" काका म्हणाले.

ती पुन्हा बोलली.

"पोरी, हे मोठ्याने नाही सांगता यायचं."

"तुमचं काम आहे, काका."

काकांनी घसा साफ केला. "मानकरी म्हणतात," त्यांचा आवाज पहिल्यांदाच एका गावापुरता निघाला, "चटया परत. कापड परत." मांडवात कुजबुज झाली. "डुक्कर... डुक्कर राहू दे म्हणतात." थोडं हसू पिकलं. पाउलिआसी कौतुकाने मान डोलावू लागले. केवढी निरपेक्ष पोरगी! "त्याऐवजी मानकऱ्यांना एकच गोष्ट हवीय. त्यांना... त्यांचा भाऊ हवाय."

"भाऊ? कुठे?" कोणीतरी मागून ओरडलं.

"सफरचंदांच्या यादीत," काका म्हणाले.

एकटा किटिओने रडत होता. तोआकासेने मनात आठ सेकंद मोजले.

यादी गावच्या अधिकाऱ्याकडे, वाइंगाकडे, असायची आणि वाइंगा तिसऱ्या पंगतीत डुकराच्या फऱ्याशी झटत होता. सगळे त्याच्याकडे वळले. त्याने घास गिळला. "एक जागा आहे खरी," तो म्हणाला. "फालेताऊच्या पोराचं प्लास्टर अजून निघालं नाही."

भट्टीमागे लिसिआतेने तोंड उघडलं आणि मिटलं. बहिणीच्या देखत उलट बोलायचं नाही. अकरा वर्षं ज्या आदराने त्याला अडचणीच्या प्रश्नांपासून सुखरूप बाहेर नेलं होतं, तोच आदर आता त्याच्या तोंडावर हात ठेवून उभा होता. त्याने लाविनियाला खूण केली. ती पोराला कडेवर घेऊन आसनाजवळ आली.

"वन्सं, हे म्हणतायत, पाठ..."

तोआकासे काकांच्या कानाशी वाकली. काकांचा आवाज आता परत आला होता, आणि त्यांना मजाही येऊ लागली होती. "मानकरी म्हणतात, आठवड्यापूर्वी एकाहत्तर किलोची तीन पिंपं, एकट्याने! आज चौऱ्याऐंशी किलोचं डुक्कर, एकट्याने, दोनशे चौदा साक्षीदारांसमोर! मानकरी विचारतात, एका सफरचंदाचं वजन किती?"

या वेळी सगळा मांडव हसला.

पाउलिआसी उठून उभे राहिले. "पण घराचं काय? घर कोण सांभाळणार?"

"मानकरी म्हणतात," काका गरजले, "घरटी एक माणूस बाहेर हवाच, हा बाबांचाच शब्द. तो मोडायची त्यांची इच्छा नाही!"

पाउलिआसी खाली बसले. भरल्या मांडवात आत्याला नाही म्हटलेलं घर पुढे चर्चमध्ये कितीही वर्गणी देवो, त्याचं नाव वाचताना लोक खाकरतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? वाइंगाने हात कमरेच्या चटईला पुसले, खिशातून घडी घातलेली यादी काढली आणि नाव लिहिलं.

लाविनिया अजून आसनाशेजारीच होती. ती खाली वाकली. "वन्सं," ती कुजबुजली, "सात महिनेच ना? आठ नाही होणार?"

वैद्यकीय तपासणीत लिसिआतेची पाठ ठणठणीत निघाली. डॉक्टरांनी तसा शेरा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. एकोणीस जानेवारीला तोआकासेचं विमान तिच्याशिवाय गेलं. त्याआधी दोन दिवस कपाटाची किल्ली लाविनियाच्या हाताने बैठकीत आली होती, कारण लिसिआतेला स्वतःचा पासपोर्टही त्याच कपाटातून काढायचा होता. नऊ फेब्रुवारीला सगळं घर पुन्हा विमानतळावर जाऊन रडलं. पाउलिआसींनी चष्मा खिशात घातला. भावाच्या आदरामुळे तोआकासे खांबाआड उभी राहिली आणि तिथूनच तिने त्याला हात केला. त्याने पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही. घरी आल्यावर तिने फ्रीझर, स्पीकर आणि गाद्या वरच्या खोलीतून बाहेर काढल्या. त्याला दोन दुपारी लागल्या. पेटारा हलवायला लाविनियाने मदत केली.

रविवारी व्हिडिओ कॉल येऊ लागले. तोआकासे दुसऱ्या खोलीत बसायची, पण ऐकू यायचं. "आई, इथे सकाळी बर्फासारखी थंडी असते. बोटं सुजतात. माझ्याशिवाय घर सुनं वाटत असेल ना?" आई म्हणायची, "खायला उठतं रे बाळा," आणि रडायची. तोआकासेने मोजलं नाही असं नाही. सात मिनिटं. आठवड्याला पैसे किती पाठवतोस, असं पाउलिआसींनी मागून विचारलं की लिसिआतेच्या बाजूचं नेट जायचं.

मे महिन्यात सरकारी पाहणीसाठी एक मुलगी टॅब्लेट घेऊन आली. घराघरात परदेशातून किती पैसा येतो, ते विचारत ती गावभर फिरत होती. अकेसाने तिला सांगितलं होतं की तिला कोणी काहीच पाठवत नाही, आणि हे सांगताना तिने नव्या फ्रिजचं दार धरून ठेवलं होतं. पाउलिआसींनी मुलीला सोनेरी कपात चहा दिला.

"घरातलं कोणी परदेशात आहे?"

"मुलगा. न्यूझीलंडला. मोठ्या कंपनीत," पाउलिआसी म्हणाले.

"सफरचंदाच्या बागेत," तोआकासे वह्या तपासता तपासता म्हणाली.

"फेब्रुवारी ते एप्रिल, तीन महिन्यांत किती आले?"

"लिही, सहा हजार," पाउलिआसी म्हणाले.

"बाबा, हे चर्चमध्ये वाचत नाहीत. हे कोणालाच वाचून दाखवत नाहीत."

"कोणालाच नाही?"

"नाही हो आजोबा," मुलगी म्हणाली. "नावसुद्धा नसतं त्यावर."

पाउलिआसींचा रस ओसरला. त्यांनी तोआकासेकडे बोट केलं. "मग ती सांगेल."

तोआकासेने लाल पेन खाली ठेवलं आणि पावत्या समोर घेतल्या. तिचा पगार, तीन महिन्यांचा, तीन हजार सातशे वीस पांगा. आईच्या चटया, अंडी आणि सुरण मिळून, दोनशे पंचवीस. परदेशातून, दोन वेळा मिळून, तीनशे दहा. मुलीने आकडे भरले. टॅब्लेटने एकूण चार हजार दोनशे पंचावन्न दाखवले, आणि त्याखालच्या चौकोनात परदेशी पैशाचा वाटा: ७.२९ टक्के.